जंबो फ्रेम: ९००० लिहिणं सोपं, सगळ्यांनी पाळणं अवघड

पॉडकास्टच्या मागच्या भागात मायक्रोस्कोपमधून येणाऱ्या डेटाबद्दल बोलताना ‘जंबो फ्रेम’ हा शब्द आला आणि वेळ संपली. नंतर दोन-तीन जणांनी एकच प्रश्न विचारला: हे नेमकं असतं काय, आणि ते चालू केलं की लॅबचं नेटवर्क खरंच वेगवान होतं का? थोडक्यात उत्तर असं की होतं, पण वाटेतलं प्रत्येक यंत्र त्या एका आकड्याला तयार असेल तरच. हा लेख खरं तर त्या ‘प्रत्येक यंत्रा’बद्दल आहे.

आधीच सांगते, मी नेटवर्क इंजिनिअर नाही. जीवशास्त्रातल्या इमेजेसचं विश्लेषण करणारी पोस्टडॉक आहे. पण इथे ब्रिटनमध्ये काय किंवा अमेरिकेत काय, छोट्या संशोधन गटांत डेटा इकडून तिकडे हलवणं हे कुणाच्याच करारात न लिहिलेलं काम असतं. ज्याला थोडंफार लिनक्स येतं त्याच्या गळ्यात ते पडतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गळ्यात पडलेलं असणार, म्हणून जरा खोलात जाऊन लिहिते आहे.

डेटा येतो तरी किती?

आमच्यासारख्या लॅबमध्ये लाइट-शीट मायक्रोस्कोप असतो. झेब्राफिशचा भ्रूण त्याच्याखाली ठेवायचा आणि त्याची वाढ तासन् तास टिपत राहायची. कॅमेऱ्याची एक इमेज २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलची, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट. म्हणजे एका इमेजला साधारण ८.४ मेगाबाइट. कॅमेरा पूर्ण वेगाने, सेकंदाला १०० इमेज असा चालवला, तर सेकंदाला जवळजवळ ८४० मेगाबाइट होतात. नेटवर्कच्या भाषेत ६.७ गिगाबिट. तासभर असंच चाललं तर ३ टेराबाइट.

मायक्रोस्कोपशेजारच्या कॉम्प्युटरची डिस्क यापुढे फार वेळ टिकत नाही. म्हणून डेटा १० गिगाबिटच्या केबलवरून स्टोरेज सर्व्हरकडे जात राहतो. १० गिगाबिटमध्ये ६.७ सहज मावतील असं वाटतं, पण तिथेच पाणी मुरतं. केबलची क्षमता पुरते, पण दोन्ही टोकांचे कॉम्प्युटर दमतात. आणि भ्रूण काही आपल्यासाठी थांबत नाही. डेटा पुढे सरकला नाही की मेमरीतली राखीव जागा भरते, इमेज गळायला लागतात, आणि पेशी विभागल्या तो क्षण नेमका त्या गळलेल्या इमेजमध्ये असतो. तो प्रयोग पुन्हा करायचा तर नवा मासा, नवी अंडी, नवी रात्र.

१५०० हा आकडा आला कुठून?

ईथरनेटवर डेटा सलग धारेसारखा वाहत नाही. तो पाकिटांत भरून जातो. या पाकिटाला फ्रेम म्हणतात. पाकिटावर कुणाकडून, कुणाला असा १४ बाइटचा मजकूर असतो, शेवटी ४ बाइटची तपासणी-बेरीज असते, आणि मधल्या मालाला जास्तीत जास्त १५०० बाइट जागा असते. या मधल्या जागेच्या कमाल आकाराला एमटीयू म्हणतात.

ईथरनेटचा जन्म १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात झाला. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज ही त्यातली दोन प्रमुख नावं. पुढे १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून १० मेगाबिट ईथरनेटचा आराखडा प्रसिद्ध केला, आणि त्यातली १५०० ही मर्यादा आजही तुमच्या-माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. तेव्हाच्या परिस्थितीत हा आकडा अगदी शहाणपणाचा होता. मेमरी महाग होती, त्यामुळे कार्डावर मोठं पाकीट साठवून ठेवणं परवडत नव्हतं. शिवाय एकच केबल सगळ्यांत मिळून वापरायची होती. १० मेगाबिटच्या वेगाने पूर्ण भरलेली एक फ्रेम जायला सुमारे १.२ मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ बाकीच्यांनी गप्प बसायचं. पाकीट आणखी मोठं केलं असतं तर एकानेच केबल अडवून ठेवली असती.

आता बघा पुढे काय झालं. वेग १० मेगाबिटवरून १०० गिगाबिटपर्यंत, म्हणजे दहा हजार पट वाढला. पाकीट मात्र तेवढंच राहिलं. १० मेगाबिटला सेकंदाला ८१३ पूर्ण फ्रेम जायच्या. १० गिगाबिटला ८ लाख १२ हजार जातात, आणि १०० गिगाबिटला ८१ लाखांच्या वर. म्हणजे एका फ्रेमसाठी १२३ नॅनोसेकंद! तेवढ्यात कॉम्प्युटरने पाकीट उघडायचं, पत्ता वाचायचा, माल योग्य त्या प्रोग्रामकडे द्यायचा आणि पुढच्याला हात घालायचा.

मोठं पाकीट म्हणजे नेमका फायदा काय?

१९९०च्या दशकाच्या शेवटी, गिगाबिट ईथरनेट आलं तेव्हा, अल्टिऑन नावाच्या कंपनीने ९००० बाइटचं पाकीट पुढे आणलं. तीच जंबो फ्रेम. ९००० हा आकडा हवेतून काढलेला नव्हता. तेव्हाच्या फाइल सर्व्हरचा ८ किलोबाइटचा ठोकळा सगळ्या मजकुरासकट एका पाकिटात मावतो, हे एक कारण. दुसरं असं की पाकिटाच्या शेवटी असलेली ३२ बिटची तपासणी-बेरीज कोणत्याही तीन बिटांपर्यंतची चूक खात्रीने पकडते, पण पाकीट साधारण ११ हजार बाइटच्या आत असेल तोवरच. ९००० त्या आत बसतं.

फायदा मोजायचा तर तीन वेगळे हिशोब करावे लागतात.

पहिला हिशोब वाया जाणाऱ्या जागेचा. प्रत्येक फ्रेममागे केबलवर ३८ बाइट जास्तीचे जातात: पत्ता, तपासणी, सुरुवातीचा इशारा आणि दोन फ्रेममधलं अंतर मिळून. आतमध्ये आयपी आणि टीसीपीचे आणखी ४०. म्हणजे १५०० वाल्या फ्रेममध्ये केबलच्या १५३८ बाइटपैकी कामाचे १४६०, सुमारे ९४.९ टक्के. ९००० वाल्यात ९०३८ पैकी ८९६०, म्हणजे ९९.१ टक्के. फरक चार टक्क्यांचा. वाईट नाही, पण एवढ्यासाठी कुणी झोप घालवू नये.

दुसरा हिशोब कॉम्प्युटरच्या कष्टांचा, आणि आमच्यासाठी तोच महत्त्वाचा. पाकीट लहान असो की मोठं, ते हाताळायचा बराचसा खर्च सारखाच असतो. आमचे सेकंदाला ८४० मेगाबाइट १४६०च्या पाकिटांतून पाठवायचे तर पावणेसहा लाख पाकिटं लागतात. ८९६०च्या पाकिटांतून पाठवले तर सुमारे ९४ हजार. एक षष्ठांश काम. हा वाचलेला वेळ इमेज डिस्कवर लिहायला, त्या लहान करायला मिळतो.

तिसरा हिशोब लांबच्या प्रवासाचा. १९९७ साली मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीसीपीसाठी एक साधं सूत्र मांडलं: वेग पाकिटाच्या आकाराच्या प्रमाणात वाढतो, तर जाण्या-येण्याच्या वेळेच्या आणि पाकिटं हरवण्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. म्हणजे पाकिटं हरवण्याचं प्रमाण तेवढंच असेल, तर सहापट मोठं पाकीट सहापट वेग देऊ शकतं. खंडाच्या या टोकापासून त्या टोकाला डेटा पाठवणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. म्हणूनच अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या ईएसनेटसारखी संशोधनाची नेटवर्कं ९०००ला पाठिंबा देतात.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. आजची कार्डं बरीच हुशार आहेत. पाठवताना ऑपरेटिंग सिस्टिम त्यांना ६४ किलोबाइटपर्यंतचा एकच मोठा गठ्ठा देते, आणि त्याची १५००ची पाकिटं करायचं काम कार्ड स्वतः करतं. येणारी पाकिटंही वर पोचण्याआधी एकत्र बांधली जातात. त्यामुळे साध्या टीसीपी वाहतुकीत जंबो फ्रेमचा फायदा पूर्वीइतका डोळ्यांत भरत नाही. जिथे यूडीपी वापरतात, उदाहरणार्थ केबलवरून थेट इमेज पाठवणारे ‘गिगई व्हिजन’ जातीचे औद्योगिक कॅमेरे, तिथे तो अजूनही स्पष्ट दिसतो. तेव्हा आधी मोजा, मग ठरवा. ‘आयपर्फ’ हा फुकट प्रोग्राम दोन्ही टोकांना चालवून १५००ला किती वेग मिळतो आणि प्रोसेसर किती तापतो ते लिहून ठेवा.

ड्रायव्हरच्या पोटात काय बदलतं?

लिनक्सवर प्रत्यक्ष कृती एका ओळीची आहे. ‘आयपी लिंक’ या कमांडला कार्डाचं नाव आणि एमटीयू ९००० एवढं सांगायचं, झालं. विंडोजवर कार्डाच्या प्रगत सेटिंग्जमध्ये ‘जंबो पॅकेट’ नावाची यादी असते, त्यातून निवडायचं. पण या एका ओळीमागे ड्रायव्हर बरंच काही करतो, आणि ते माहीत असलं की पुढच्या अडचणी कळतात.

नेटवर्क कार्ड आणि कॉम्प्युटरची मेमरी यांच्यात एक गोलाकार यादी असते, तिला रिंग म्हणतात. ड्रायव्हर आधीच मेमरीत रिकामी ताटं मांडून ठेवतो आणि रिंगमध्ये त्यांचे पत्ते लिहितो. फ्रेम आली की कार्ड पुढच्या ताटात वाढून मोकळं होतं. १५००साठी ताट साधारण २ किलोबाइटचं पुरतं. रिंगमध्ये ५१२ ताटं असतील तर १ मेगाबाइट.

एमटीयू ९००० केला की या ताटांत माल मावत नाही. इथे ड्रायव्हरसमोर दोन मार्ग असतात. एक, मोठं ताट घ्यायचं. पण मेमरी ४ किलोबाइटच्या पानांत विभागलेली असते, आणि सलग पानं मागायची तर १, २, ४, ८ अशीच मागावी लागतात. ९००० बाइटला तीन पानं लागतात, म्हणून सलग चार मागायची, म्हणजे १६ किलोबाइट. कॉम्प्युटर नुकताच सुरू झालेला असताना ती मिळतात. दोन महिने चालू असलेल्या सर्व्हरवर सलग चार पानं मिळणं म्हणजे गणपतीच्या आधी कोकणात जाणाऱ्या गाडीत शेजारी-शेजारी चार सीट मिळण्यासारखं आहे. सुट्या जागा भरपूर, पण सलग नाहीत. मग सर्व्हरच्या नोंदींमध्ये मेमरी मिळाली नाही अशी तक्रार दिसते आणि फ्रेम गळतात. जुन्या ड्रायव्हरांचा हा ठरलेला आजार. शिवाय रिंगचा आकारही फुगतो: ५१२ ताटं गुणिले १६ किलोबाइट म्हणजे ८ मेगाबाइट, आणि कार्डाला अशा १६ रिंग असतील तर १२८.

दुसरा मार्ग जास्त शहाणा: ताटं लहानच ठेवायची आणि एक फ्रेम चार-पाच ताटांत वाढायची. आजची बरीच चांगली कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर असंच करतात. त्यामुळे ड्रायव्हर अद्ययावत ठेवणं हा सल्ला इथे उगाच दिलेला नाही.

आणखी तीन बारीक गोष्टी. पहिली, बरेच ड्रायव्हर एमटीयू बदलताना रिंग मोडून पुन्हा बांधतात, त्यामुळे जोडणी काही क्षण तुटते. प्रयोग चालू असताना हा आकडा बदलू नका. दुसरी, प्रत्येक कार्डाची कमाल मर्यादा वेगळी असते. लिनक्समध्ये आवृत्ती ४.१० पासून ड्रायव्हर स्वतःची किमान आणि कमाल मर्यादा कर्नलला सांगतो, आणि त्यापलीकडचा आकडा कर्नल सरळ नाकारतो. स्वस्त कार्डांत काही ४, काही ६ किंवा ७, तर काही ९ किलोबाइटला थांबतात. एकाच कंपनीची दोन कार्डं सारखी असतील असं धरून चालू नका. तिसरी, ‘आयपी लिंक’ने केलेला बदल कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला की पुसला जातो. तो नेटवर्कच्या कायमच्या सेटिंगमध्ये लिहावा लागतो.

एकच माप, तीन आकडे

इथे गोंधळाची एक खास जागा आहे. लिनक्समध्ये तुम्ही ९००० लिहिता. इंटेलच्या कार्डांच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये मात्र ९०१४ दिसतं. आणि स्विचवर बऱ्याचदा ९२१६. यातलं चूक कोण? कुणीच नाही. लिनक्स फक्त मालाची जागा मोजतो. तो विंडोज ड्रायव्हर पत्त्याचे १४ बाइट धरून मोजतो. तपासणीचे ४ धरले तर ९०१८, व्हीलॅनची खूण लावली तर ९०२२. स्विचवाले म्हणतात, वर थोडी मोकळी जागा असू दे, म्हणून ९२१६. तेव्हा प्रत्येक यंत्र ‘काय धरून’ मोजतं ते आधी पाहायचं. आकडे जुळले नाहीत म्हणून घाबरू नका, आणि जुळले म्हणून निर्धास्तही होऊ नका.

हा गोंधळ मिटवणारं अधिकृत मानक का नाही? कारण आयईईईने ९००० बाइटची फ्रेम कधी मानकात घेतलीच नाही. पत्त्यानंतरच्या दोन बाइटच्या रकान्यात १५०० किंवा त्याहून लहान आकडा असेल तर तो मालाची लांबी समजायचा, १५३६ किंवा मोठा असेल तर मालाचा प्रकार समजायचा, असा नियम आहे. म्हणजे १५०० ही भिंत त्या नियमातच बांधलेली आहे. २००६ साली मानकाने फ्रेम २००० बाइटपर्यंत वाढू दिली, पण ती जास्तीची जागा व्हीलॅनसारख्या खुणांसाठी, मालासाठी नव्हे. जंबो फ्रेम हा उत्पादकांमधला अलिखित करार राहिला.

खरी अडचण: ईथरनेट बोलत नाही

दोन कार्डं केबलने जोडली की वेग किती ठेवायचा हे ती आपसांत ठरवतात. एमटीयू मात्र ठरवत नाहीत. ‘मी ९००० घेऊ शकतो, तुझं काय?’ असं विचारायची सोयच ईथरनेटमध्ये नाही. आणि न झेपणारं पाकीट स्विचकडे आलं तर तो परत पाठवत नाही, तक्रारही करत नाही. आत एक मोजणीचा आकडा एकाने वाढवतो आणि पाकीट टाकून देतो.

इथे मिरजेची आठवण काढते. एके काळी मिरज स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांच्या गाड्या यायच्या. मोठ्या वाघिणीतला माल लहान वाघिणीत भरायचा तर तिथे हमाल होते, यार्ड होतं, वेळ होता. नेटवर्कमध्ये हे यार्डाचं काम राउटर करू शकतो: मोठ्या पाकिटाचे तुकडे करून पुढे पाठवू शकतो. स्विच म्हणजे यार्ड नव्हे. तो फक्त सांधा आहे, गाडी या रुळावरून त्या रुळावर घालणारा. सांध्यावर माल उतरवून घेणारं कुणी नसतं.

त्यातही आज बहुतेक पाकिटांवर ‘तुकडे करू नका’ असा शिक्का असतो. असं मोठं पाकीट राउटरला पुढे नेता आलं नाही, तर तो ते टाकतो, पण पाठवणाऱ्याला निरोप देतो: एवढं मोठं जात नाही, अमुक आकाराचं पाठव. ही पद्धत १९९०च्या आरएफसी ११९१ मध्ये मांडली गेली. आयपीव्ही६ मध्ये तर वाटेतल्या राउटरने तुकडे करायचेच नाहीत असा नियम आहे, फक्त निरोप द्यायचा. छान व्यवस्था आहे, पण दोन ठिकाणी ती कोलमडते. वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने असे निरोप सरसकट अडवले की पाठवणाऱ्याला काही कळतच नाही. आणि अडथळा राउटरमध्ये नसून स्विचमध्ये असेल तर निरोप देणारंच कुणी नसतं.

आता टीसीपीची गंमत. जोडणी सुरू होताना दोन्ही टोकं ‘मी एवढा तुकडा घेईन’ असं एकमेकांना सांगतात आणि लहान आकडा पाळला जातो. म्हणजे एक टोक ९००० आणि दुसरं १५०० असेल तर टीसीपी निभावून नेतो, अडतं ते यूडीपी. सगळ्यात वाईट प्रकार तो, जिथे दोन्ही टोकं ९००० आहेत आणि मधला स्विच १५००चा आहे. टोकांचं एकमत झालेलं असतं, आणि मधल्याला कुणी विचारलेलं नसतं.

आमच्याच इमारतीतल्या एका गटात हे घडलं. शनिवार-रविवारी जुना स्विच बदलून नवा बसवला. नवा कारखान्यातून येताना १५००ला बांधलेला होता. सोमवारी सकाळी पिंग चालत होतं. सर्व्हरवर लॉगिन कधी व्हायचं, कधी अर्ध्यात अडकायचं. एक-दोन ओळींच्या फाइल्स कॉपी व्हायच्या. दहा फाइलींचं फोल्डर उघडायचं, हजार फाइलींचं उघडायचं नाही, नुसतं गोल फिरत राहायचं. एरर कुठेच नाही! दोन दिवस आधी डिस्कवर, मग स्टोरेज सॉफ्टवेअरवर, मग विद्यापीठाच्या फायरवॉलवर संशय घेण्यात गेले. दरम्यान आधीच्या आठवड्यात लावून ठेवलेला एक रात्रीचा प्रयोग अर्धवट इमेज घेऊन संपला होता. शेवटी कुणीतरी मोठा पिंग पाठवला आणि पाच मिनिटांत उलगडा झाला.

ही लक्षणं पाठ करून ठेवा: लहान जातं, मोठं अडकतं, आणि कुणी काही बोलत नाही. असं दिसलं की पहिला संशय एमटीयूवर.

करायचं कसं, कोणत्या क्रमाने?

१. यादी करा. या दोन कॉम्प्युटरमधल्या वाटेवर कोणकोणती यंत्रं आहेत? स्विच, त्याच्या मागचा स्विच, व्हर्च्युअल मशीन असेल तर आतला सॉफ्टवेअर ब्रिजसुद्धा. लिनक्समध्ये व्हीलॅनच्या जोडणीचा एमटीयू खालच्या खऱ्या कार्डापेक्षा मोठा ठेवता येत नाही, म्हणून आधी खालचं वाढवा.

२. जंबोसाठी वेगळं व्हीलॅन किंवा वेगळे स्विच ठेवा. एका व्हीलॅनमधल्या सगळ्यांचा एमटीयू सारखाच हवा. त्यात ऑफिसचा प्रिंटर आणि कुणाचा तरी जुना लॅपटॉप नको.

३. आधी स्विच वाढवा, मग सर्व्हर, शेवटी मायक्रोस्कोपचा कॉम्प्युटर. स्विचने मोठं पाकीट घ्यायची तयारी ठेवली म्हणून लहान पाकिटांचं काही बिघडत नाही. उलट क्रमाने गेलात तर मधल्या वेळात वाट बंद.

४. तपासा. पिंगला दोन गोष्टी सांगायच्या: तुकडे करू नकोस, आणि माल ८९७२ बाइटचा ने. ९००० मधून आयपीचे २० आणि पिंगचे स्वतःचे ८ वजा केले की ८९७२ उरतात. १५००च्या वाटेसाठी हाच आकडा १४७२. दोन्ही दिशांनी करून पाहा. १४७२ गेलं आणि ८९७२ गेलं नाही, तर वाटेत कुणीतरी तयार नाही. मध्ये राउटर असतील तर ‘ट्रेसपाथ’ ही कमांड कुठे आकार कमी झाला ते दाखवते.

५. पत्ता लागत नसेल तर प्रत्येक स्विचच्या पोर्टवरची आणि कार्डाच्या ड्रायव्हरमधली मोजणी वाचा. लिनक्सवर ‘ईथटूल’ ती दाखवतं. ‘जास्त लांब’ किंवा ‘लांबीची चूक’ अशा अर्थाच्या रकान्यात आकडा वाढत असेल, तर गुन्हेगार तिथेच आहे.

६. कॉम्प्युटर एकदा मुद्दाम बंद करून सुरू करा आणि चौथी पायरी पुन्हा करा. सेटिंग टिकलं की नाही हे आजच कळलेलं बरं.

७. आणि सुरुवातीला केलेली मोजणी पुन्हा करा. वेग किंवा प्रोसेसरवरचा ताण यांत फरक पडला नसेल तर सरळ १५००ला परत या. त्यात कमीपणा काही नाही.

लिनक्समध्ये टीसीपीसाठी एक बचावाचा उपायही आहे: मोठी पाकिटं परत परत हरवतायत असं दिसलं की कर्नल स्वतःहून लहान आकार वापरून पाहतो. ही कल्पना २००७च्या आरएफसी ४८२१ मधली. ‘टीसीपी एमटीयू प्रोबिंग’ नावाचं सेटिंग १ केलं की ती चालू होते. जोडणी मरण्यापेक्षा हळू चाललेली बरी, म्हणून ते चालू ठेवणं चांगलं. पण तो यूडीपीला उपयोगाचा नाही, आणि मूळ दोष झाकून टाकतो हेही लक्षात असू द्या.

कुठे करू नये?

घरच्या इंटरनेटसाठी अजिबात नाही. बाहेरचं इंटरनेट १५००वर चालतं, त्यामुळे मोठी पाकिटं तुमच्या राउटरच्या पुढे जाणारच नाहीत. वायफायवर तर नाहीच, त्याची स्वतःची मर्यादा २३०४ बाइटची आहे. क्लाउडमध्येही हीच सीमारेषा दिसते: ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये आतल्या आत ९००१ चालतं, पण इंटरनेटच्या दारातून बाहेर पडताना १५००. थोडक्यात, जंबो फ्रेम ही कुंपणाच्या आतली गोष्ट आहे. जिथे दोन्ही टोकं आणि मधली प्रत्येक पेटी तुमच्या किंवा तुमच्या ओळखीच्या माणसाच्या ताब्यात आहे, तिथेच ती शोभते: स्टोरेज, क्लस्टर, कॅमेरा.

शेवटची गोष्ट तांत्रिक नाही, पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. पोस्टडॉकचा करार दोन-तीन वर्षांचा असतो. आज ज्याने ९००० लिहिलं तो उद्या दुसऱ्या देशात असतो, आणि आकडा मात्र यंत्रात राहतो, कुणालाही माहीत नसलेला. मग परवा कुणीतरी प्रामाणिकपणे स्विच बदलतो. ईथरनेट स्वतःहून सांगत नाही, तेव्हा माणसांनी सांगायला हवं. लॅबच्या सामायिक नोंदींमध्ये चार ओळी लिहा: कुठल्या व्हीलॅनवर किती एमटीयू, कोणत्या यंत्रांवर, कुणी आणि कधी तपासलं, कसं तपासायचं. आणि स्विचवर एक चिठ्ठी चिकटवा: ‘इथे ९००० आहे. बदलण्याआधी विचारा.’ एवढ्या चिठ्ठीने कुणाची तरी एक रात्र आणि एक प्रयोग वाचेल.